शैलाताईंचा अंगठा

सर्जेराव इंगवल्यांनी तंबाखू सोडायचं ठरवलं, ही बातमी जयसिंगपुरात त्यांनी स्वतःच पसरवली. त्यात एवढीच दुरुस्ती हवी की ठरवलं त्यांनी नव्हतं, त्यांच्या मुलीनं. आणि सोडायची होती ती काही एकट्या त्यांनी नव्हे.

प्रणाली सांगलीला दिलेली. पाचवा महिना लागला तसा तिनं एका सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर आईबापांना समोर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मला माहितीय. पण तुमच्या दोघांच्या तोंडात तंबाखू आहे तोवर मी त्या घरात माझं बाळ आणणार नाही. इथं सासूबाई आहेत. त्या करतील सगळं."

"दोघांच्या?" सर्जेरावांना राग आला. "तुझी आई कुठं तंबाखू खाती?"

"मग मिश्री म्हणजे काय, पप्पा? पिठीसाखर?"

शैलाताई तेव्हा मिश्रीच लावत होत्या. त्यांचं बोट तोंडात होतं.

आता या घरात तंबाखूला काय मान होता ते सांगायला हवं. रोज सकाळी शैलाताई मिश्रीसाठी तव्यावर तंबाखूची पानं भाजायच्या. ती काळी होऊन खमंग वास सुटायच्या आत सर्जेराव स्वयंपाकघरात यायचे, पुडीतली आपली चिमूट काढून घ्यायचे आणि चुन्याची डबी मागायचे. ती शैलाताई द्यायच्या. संसारातल्या बाकी सगळ्या देण्याघेण्यात कधी ना कधी कुरकुर झाली होती, या एका व्यवहारात कधीच नाही. दिवसभरात नवराबायको एकमेकांच्या सगळ्यात जवळ यायची ती त्या डबीपुरती.

पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली नाही, तर गल्लीतली प्रत्येक बाई "का हो, आली नाही?" असं विचारणार आणि उत्तर ऐकायच्या आधीच उत्तर ठरवून टाकणार. शैलाताईंना ते सोसणारं नव्हतं. सर्जेरावांना तर नातवंडाचं तोंड बघायला सांगलीला व्याह्यांच्या सोफ्यावर पाहुण्यासारखं बसणं मुळीच मंजूर नव्हतं. दोघांनी प्रणालीनं सुचवलेल्या 'सांगाती' नावाच्या ऑनलाइन उपचारात नाव घातलं. हा उपचार फक्त जोडप्यांना मिळत असे. एकट्यानं आलेल्याला ते जोडीदार घेऊन यायला सांगत.

पडद्यावर पुण्याची समुपदेशक आली. नाव ओवी, वयानं प्रणालीहूनही लहान. तिनं पहिल्याच दिवशी सगळं उलगडून सांगितलं.

"तलफ ही लाट असते, काका. चढते, माथ्यावर येते, उतरते. आम्ही शोधलं की ती चढते कशानं. तलफ यायच्या जरा आधी शरीरात एखादी भावना उठलेली असते. छाती भरून येते, श्वास आखडतो, हात गार पडतात. पण आपल्याला तिचं नाव माहीत नसतं. आपण म्हणतो, 'कसंतरीच होतंय.' आणि कसंतरी झालं की शरीराला एकच औषध ठाऊक असतं."

"चुना लावून," सर्जेराव म्हणाले.

"हो. पण त्या भावनेला नेमकं नाव मिळालं की लाट बसते. 'बरं वाटत नाही' असं मोघम नाव नाही चालत. 'माझा पाणउतारा झाला', 'मला हुरहूर लागलीय', इतकं नेमकं लागतं. त्यातही एक गंमत आहे. ते नाव यंत्रानं सांगितलं तर माणूस चिडतो. स्वतःचं स्वतः शोधायला गेला तर चुकतो. आपल्या जोडीदारानं ओळखून विचारलं तर मात्र लाट चटकन उतरते. म्हणून आमचं यंत्र तुमची भावना तुम्हाला सांगतच नाही. ते काकूंच्या कानात सांगतं. आणि काकूंची तुमच्या."

यंत्र म्हणजे एक गोल डबी होती, चुन्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी. ती भिंतीला लावायची. तिच्यातून निघणाऱ्या रेडिओलहरी घरभर फिरतात, भिंतीपलीकडेही जातात आणि माणसाच्या छातीवरून परत येतात. हृदयाच्या ठोक्यानं छाती केसभर हलते, श्वासानं थोडी जास्त. त्या हलण्यावरून डबी मनात काय चाललंय ते ताडते. आणि चालण्यावरून आपण माणूस लांबून ओळखतो तसं ठोक्याच्या चालीवरून हे हृदय कुणाचं तेही ओळखते. आधी त्यांनी मनगटाला बांधायचे पट्टे काढले होते, पण लोकांनी ते मेव्हण्याच्या हाताला बांधले. एका पठ्ठ्यानं म्हशीच्या पायाला बांधला, तर कंपनीचे डॉक्टर त्याच्या मनःशांतीवर निबंध लिहायला निघाले होते. तेव्हापासून डबी फक्त नोंदवलेलं हृदय मानते. बाकी जो कुणी घरात असेल तो तिच्या लेखी 'पाहुणा', आणि पाहुण्याच्या मनात डोकवायला कायद्यानं बंदी.

डबी घरी आली त्या दिवशी शैलाताईंनी ती पुसली, हळदकुंकू लावलं आणि पाटावर ठेवली. पाटासमोर दोघं जोडीनं बसली.

"काका, आधी तुम्ही डबीवर अंगठा ठेवा. त्यातून ती तुमचे ठोके नोंदवून घेते," पडद्यावरून ओवी म्हणाली.

सर्जेरावांनी उजवा अंगठा ठेवला. डबी हिरवी झाली.

"आता काकूंचा."

सत्यनारायण असो, वास्तुशांत असो, नवरा पाणी सोडतो आणि बायको त्याच्या कोपराला हात लावते. तेवढ्यानं तिचं केल्याचं होतं. शैलाताईंचा हात सवयीनं सर्जेरावांच्या कोपराला लागला, आणि सर्जेरावांनी तितक्याच सवयीनं डावा अंगठा पुढं केला. डबीनं जरा वेळ घेतला आणि हिरवी झाली. ओवीला पडद्यावर दोघांचे चेहरे तेवढे दिसत होते, आणि चेहऱ्यांवर पूजेला असतो तसा भक्तिभाव होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," दोघं म्हणाली.

दोघांना कानात घालायला एकेक मणी मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्जेराव कामावरून घरी आले, चप्पल काढली आणि खिशातल्या पुडीकडं हात नेला, तोच मणी बोलला. त्याची भाषा बातम्या देणाऱ्या बाईसारखी होती.

"शैलाताईंना या क्षणी आपण कुणाला नकोसे झालो आहोत असे वाटत आहे. कृपया जवळ जाऊन विचारपूस करावी."

सर्जेराव चकित झाले. इतक्या वर्षांत बायकोला असं काही वाटत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले. शैलाताई मेथी निवडत गुणगुणत होत्या.

"तुला नकोसं झाल्यासारखं वाटतंय का?"

"मला? मी मेथी निवडायलीय."

"निवडताना वाटत असंल."

शैलाताईंच्याही कानात त्याच वेळी मणी काहीतरी बोलत होता. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग हातांकडं. आणि पाट सरकवून दिला. "बसा. कुणाला नको झालंय म्हणता?"

"म्हणजे बघ." सर्जेराव बसले. "तू दिवसभर एका खोलीत. भाकरी मशीन थापणार, धुणं मशीन धुणार. तू नुसतं बघत बसायचं, बरोबर झालं का. आणि ते दर वेळी बरोबरच असणार. मग माणसाला वाटतंच की, आपण इथं कशाला?"

"आपल्याकडं भाकरीचं मशीन कुठं हाय?"

"उदाहरण दिलं!"

सर्जेराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. पूर्वी काट्यावर त्यांच्या शब्दाला वजन असे. उसाची गाडी वळणावर दिसली की ते नजरेनंच तिचं वजन सांगत आणि काटा त्यांच्या मागाहून कबूल होई. आता गाड्या चालकाविना येतात, काट्यावर चढतात, आपलं वजन आपणच नोंदवतात आणि निघून जातात. सर्जेरावांनी शेजारच्या खोलीत बसून यंत्र बरोबर चाललंय का तेवढं बघायचं.

शैलाताईंनी अर्धी जुडी त्यांच्यापुढं ठेवली. "बोला. मग पुढं काय वाटतंय मला?"

सर्जेराव बोलत राहिले. मेथी संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पुडी अजून खिशातच आहे.

पुढचे दिवस असेच गेले. मणी सांगे, "शैलाताईंना हुरहूर वाटत आहे," की सर्जेराव हातातलं काम टाकून उठत आणि बायकोला तिची हुरहूर समजावून सांगत. शैलाताई आधी म्हणत, "मला कुठं?" मग म्हणत, "बरं, वाटतीय. कशाची म्हणता?" की सर्जेरावांचं सुरू. बायकोच्या मनात एवढं साठलंय याचं त्यांना वाईट वाटे आणि आपल्याला ते कळतंय याचा अभिमान. पुडी खिशातून कपाटात गेली, कपाटातून माळ्यावर.

एकदा मणी म्हणाला, "शैलाताईंना जवळच्या माणसाने अपमान केल्यासारखे वाटत आहे."

"तुला माझ्या भावानं वास्तुशांतीला आदल्या दिवशी फोन करून बोलावलं, ते लागलंय नव्हं?"

"मला कशाला लागंल? भाऊ तुमचा."

"लागलंय. आतल्या आत लागलंय. तुला कळत नाही."

"बरं, लागलंय," शैलाताई म्हणाल्या. "मग?"

सर्जेरावांनी तिथल्या तिथं भावाला फोन लावला. आपलं काही नाही, पण आमच्या हिच्या मनाला लागून राहिलंय, असं म्हणता म्हणता त्यांनी आदल्या दिवशीच्या त्या फोनची सगळी हकिगत सांगून टाकली. भाऊ पाघळला. "वहिनीला द्या फोन," म्हणाला आणि वहिनीची माफी मागून मोकळा झाला. जो अपमान आपला कधी झालाच नव्हता, त्याची माफी शैलाताईंनी शेजाऱ्याचं पार्सल सही करून ठेवून घ्यावं तशी घेतली. त्या दिवशी सर्जेरावांना जेवण फार गोड लागलं.

कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर आता त्यांचं व्याख्यान असे.

"मगदूम, बायकांना सगळ्यात जास्त भ्या कशाचं असतंय सांग."

मगदूम कारखान्याच्या भांडारात होता. बशीतला चहा फुंकत म्हणाला, "झुरळाचं."

"रिटायर व्हायचं!"

"माझी बायको कामालाच जात नाही."

"म्हणूनच तर!" सर्जेराव म्हणाले. मगदूमला ते कळलं नाही, पण एवढ्या आत्मविश्वासापुढं वाद घालण्यापेक्षा त्यानं दुसरा चहा मागवला.

तिकडं पुण्यात ओवी थक्क झाली होती. तिच्या पडद्यावर प्रत्येक जोडप्याच्या दोन रेषा चालत, नवऱ्याची निळी आणि बायकोची पिवळी. बहुतेक घरांत एक वर गेली की दुसरी खाली, आणि दोन्ही एकदम वर गेल्या की ओवीला फोन. इंगवल्यांच्या घरात मात्र निळीवर पिवळी अशी बसली होती की मिळून एकच हिरवी रेषा दिसत होती. दोघांची तलफ एकाच क्षणी उठे, एकाच क्षणी बसे, आणि आठवड्यागणिक विरत चालली होती. कंपनीनं ठरवलं, समारोपाच्या कार्यक्रमात आदर्श जोडपं म्हणून इंगवल्यांनाच पुढं करायचं. ओवीचा नुकताच साखरपुडा झाला होता. ती आपल्या होणाऱ्या नवऱ्याला रोज त्या हिरव्या रेषेचं कौतुक ऐकवून बेजार करत होती.

शेवटच्या चाचणीचा दिवस आला. मणी काढून ठेवायचे, आणि जोडीदाराच्या मनात काय चाललंय ते यंत्राच्या मदतीशिवाय ओळखायचं. ती पार पडली की दोघांचं मिळून एक प्रमाणपत्र. प्रणाली त्याच्यावरच अडून बसली होती, आणि तिला सातवा लागत आला होता.

शैलाताई नवी साडी नेसून पडद्यासमोर बसल्या. सर्जेरावांनी समारोपाचं भाषणही पाठ केलं होतं.

"काका," ओवी म्हणाली, "चाचणीला घरात फक्त तुम्ही दोघं हवेत. पाहुण्यांना थोडा वेळ बाहेर पाठवता का?"

"पाव्हणं? कोण नाही."

"डबी दाखवतेय. एरवी आम्ही पाहुणे मोजत नाही, पण आता घरात तिसरं माणूस आहे."

सर्जेरावांनी पलंगाखाली बघितलं. न्हाणीघरात बघितलं. स्टूल घेऊन माळ्यावर बघितलं, तिथं त्यांना आपली जुनी पुडी तेवढी दिसली. "थांबा, परसात बघतो," म्हणत ते मागच्या दारानं बाहेर पडले आणि पार पेरूच्या झाडापर्यंत गेले.

ओवी आपल्या पडद्याकडं बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"काकू," ती म्हणाली, "आता डबी म्हणतेय की काका बाहेर गेले. आणि काकूही बाहेर गेल्या. घरात एकटा पाहुणाच आहे."

"मी इथंच की."

"तेच बघतेय मी." ओवीनं नोंदणीचं पान उघडलं. "काकू, नोंदणीच्या दिवशी डबीवर अंगठा कुणी ठेवला होता?"

"यांनी."

"आणि तुमचा?"

"माझाबी यांनीच. मी हात लावला होता की, कोपराला."

ओवीनं कपाळाला हात लावला. एका हृदयावर दोन नावं चढू नयेत म्हणून डबीत बंदोबस्त होता. पण कोपराला लागलेल्या हातातून शैलाताईंचे ठोके सर्जेरावांच्या ठोक्यांत चिमूटभर मिसळले, आणि तेवढ्यानं डबी फसली. फसवणाऱ्यांचा विचार कंपनीनं म्हशीपर्यंत केला होता. जोडीनं पूजेला बसणाऱ्यांचा कुणी केला नव्हता.

सर्जेराव परत आले. "परसातबी कोण नाही!"

ओवीनं त्यांना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सर्जेरावांनी भिंतीवरची डबी काढून हातात घेतली.

"म्हणजे ते नकोसं झाल्यासारखं..."

"तुम्हाला वाटत होतं, काका."

"आणि अपमान?"

"भाऊ तुमचाच हो," शैलाताई म्हणाल्या.

सर्जेरावांनी डबी पुढ्यात ठेवली आणि ते बसले. चहाच्या गाड्यावर बायकांचं म्हणून जे जे सांगितलं होतं, ते सगळं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मगदूमचा चेहरा जरा जास्तच वेळ थांबला.

"तुला माहीत होतं?"

"मेथी निवडतानाच कळलं. मशीन माझ्या कानात तुमचं म्हणून जे सांगत होतं, तेच तुम्ही माझं म्हणून सांगत होता. आणि हात तुमचा सारखा खिशाकडं जात होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लग्नापासून कधी एवढं बोलला होता? माझ्या नावावर का असंना, तुमचं मन मोकळं होत होतं. मी म्हटलं, होऊ दे जमा. नाव कुणाचं का असंना."

ओवीनं घसा साफ केला. पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता, पण विचारावाच लागणार होता. "काकू, मग तुमची मिश्री?"

शैलाताईंनी पदर सारखा केला. "चालू हाय."

"चालू हाय?" सर्जेराव ओरडले. "मला वास कसा आला नाही?"

"तुम्ही कामाला गेल्यावर परसात भाजती. कोण काय म्हणंल म्हणून भ्या वाटत होतं, पण कुणी विचारलंच नाही."

समारोपाचं भाषण सर्जेरावांच्या खिशातच राहिलं. प्रमाणपत्र दोघांचं मिळून एक होतं, एकट्याचं मिळत नव्हतं. सुटली होती ती एकाची, आणि ती सोडवणारी होती दुसरी, जिच्याकडं एवढ्या दिवसांत ना डबीनं बघितलं होतं ना नवऱ्यानं.

"काकू," ओवी म्हणाली, "आपण नव्यानं नोंदणी करू. तुमचा अंगठा ठेवा."

शैलाताईंचा हात उठला आणि सरळ सर्जेरावांच्या कोपराकडं निघाला. वाटेत थांबला. त्यांनी तो मागं घेतला, अंगठा पदराला पुसला आणि डबीवर ठेवला. डबी हिरवी झाली. पहिल्यांदाच ती मोठ्यानं बोलली, "नमस्कार, शैलाताई."

"नमस्कार," शैलाताईंनीही हात जोडले.

"आता काका. मणी नाही, काही नाही. काकूंना या क्षणी काय वाटतंय?"

सर्जेरावांनी बायकोकडं बघितलं. "भ्या वाटतंय. प्रणाली येणार नाही म्हणून."

"ते तुम्हाला वाटतंय."

"मग लाज वाटतीय. मिश्री सापडली म्हणून."

"तीबी तुम्हालाच वाटतीय. मगदूमांची."

सर्जेरावांकडचा साठा तेवढाच होता. मग असा प्रश्न त्यांच्या तोंडून आला, ज्याचं उत्तर त्यांच्या खिशात आधीपासून तयार नव्हतं.

"मग तूच सांग की. मला नाही कळत."

शैलाताईंना हा प्रश्न नवा होता. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता, पण आपलं असं कुणी विचारलंच नव्हतं. ओवीच्या पडद्यावर पिवळी रेषा आयुष्यात पहिल्यांदा एकटीच वर चढत होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "राग आलाय. हां. राग आलाय मला."

"माझा?"

"तुमचा थोडा. माझा जास्त. ही पोरगी सरळ म्हणाली होती, आता काकूंचा अंगठा. आणि माझा हात तुमच्या कोपराला गेला. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून गेला." त्यांचा आवाज चढला. "आतासुद्धा निघाला होता! बघितला नव्हं तुम्ही?"

"बघितला," सर्जेराव म्हणाले. "आणि मीबी त्या दिवशी अंगठा पुढं केला. मला तरी कुठं कुणी सांगितलं होतं."

पिवळी रेषा माथ्यावर थांबली आणि हळूहळू उतरू लागली. ओवी पुण्यात एकटीच टाळ्या वाजवत होती.

प्रणालीला फोन शैलाताईंनी स्वतः केला. सर्जेरावांनी शेजारून "अर्धवट सांग, अर्धवट सांग" अशा खुणा करून पाहिल्या. शैलाताईंनी पाठ फिरवली.

"तुझ्या पप्पांची सुटली. माझी चालू हाय. उद्यापासनं मीबी सोडायला लागणार."

प्रणाली म्हणाली, "आई, तू खोटं बोलली असतीस तर मला कळलं नसतं."

"म्हणून तर खरं सांगितलं."

"मग सातव्यात येत नाही मी. नववा लागायच्या आत सुटली तर येते. नाही सुटली तर मात्र नाही. आई, मी खरंच नाही येणार."

आता पाळी सर्जेरावांची होती, आणि हे काम त्यांना वजनकाट्यापेक्षा अवघड गेलं. त्यांनी एक पद्धत काढली. मणी कानात न घालता खिशात ठेवायचा. आधी बायकोकडं नीट बघायचं, तिचं तिला विचारायचं, मग अंदाज सांगायचा, आणि शेवटी मणी कानाला लावून पडताळायचं. जसं पूर्वी गाडीचं वजन आधी नजरेनं सांगायचं आणि मग काटा बघायचा. सुरुवातीला त्यांचा अंदाज टनांनी चुके.

"कंटाळा आलाय?"

"नाही."

"आठवण आलीय? आईची?"

"भूक लागलीय. सकाळपासनं तुम्ही इथं बसलाय, मला उठू तर द्या."

पण अंदाज जवळ येऊ लागला. सकाळी तव्याची वेळ झाली की शैलाताईंचे हात रिकामे वाटत आणि त्या उगीच डबे पुसत सुटत, हे सर्जेरावांना दिसू लागलं. आधी फक्त चिमूट दिसायची. एका सकाळी त्या परसात पेरूच्या आडोशाला सापडल्या, तोंडात बोट. सर्जेरावांचा आवाज चढणारच होता. त्यांनी तो गिळला आणि शेजारी उकिडवे बसले.

"चुन्याच्या डबीची सवय लागली होती नव्हं? रोज सकाळी मी मागायचो, तू द्यायचीस. आता मी येत नाही."

शैलाताईंनी बोट काढलं. चूळ भरली आणि दोघं घरात आली. सर्जेरावांनी खिशातून मणी काढून कानाला लावला. मण्यानं तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत. सर्जेरावांचा चेहरा जुन्या दिवसांत काटा कबूल झाल्यावर व्हायचा तसा झाला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊ लागले, आणि चुन्याच्या डबीच्या जागी शैलाताई त्यांच्या हातात बडीशेपेची डबी देऊ लागल्या. त्यातली थोडी स्वतःच्या तोंडात टाकू लागल्या. तवा भाकरीपुरता उरला.

चहाच्या गाड्यावरची व्याख्यानं बंद झाली. मगदूमनं एकदा विचारलं, "मग बायकांना भ्या कशाचं असतंय, कळलं का?"

"घरी जाऊन विचार," सर्जेराव म्हणाले. मगदूमला हे आधीच्यापेक्षा कठीण वाटलं.

नववा लागायच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं आणि पाठोपाठ प्रणाली. जावई तिला सोडून, चहा घेऊन परत गेले. प्रणालीनं दारातच आईला जवळ घेतलं, तिच्या तोंडाचा वास घेतला, "बडीशेप," म्हणाली आणि रडू लागली. ती का रडतेय ते सर्जेरावांनी ओळखायचा प्रयत्न केला नाही. पाण्याचा तांब्या आणून दिला.

संध्याकाळी सगळे बसले असताना त्यांनी सवयीनं खिशातला मणी कानाला लावला, आणि दचकले.

"घरात दोन पाव्हणं हाईत म्हणतोय."

"एक प्रणाली," शैलाताई म्हणाल्या.

"दुसरं कोण?" सर्जेराव स्टूल घेऊन माळ्याकडं निघालेच होते.

"अवं, थांबा की. त्या दुसऱ्या पाव्हण्याचे ठोके कसे हाईत ते विचारा."

सर्जेरावांनी विचारलं. ऐकलं. आणि स्टूल तिथंच ठेवून प्रणालीच्या पोटाकडं बघत राहिले. "फार जोरात पळायलेत म्हणतोय," ते हळूच म्हणाले.

प्रणालीनं पोटावर हात ठेवला. मग सर्जेरावांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. त्यांनी भिंतीवरची डबी काढली, पाटावर ठेवली आणि मांडी घातली.

"पाव्हणा कशाला म्हणायचं त्याला? घरचं माणूस हाय. आताच नोंद करून टाकू. त्याच्या वतीनं मी अंगठा..."

शैलाताईंची चापट त्यांच्या हातावर बसली.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "त्याचं ते लावंल. आधी बाहेर तर येऊ दे."